चूक आली कुठल्या वाटेनं? : स्टॅक ट्रेसचा इतिहास

आज आपण दापोडीत जमलो आहोत, तेव्हा सुरुवात इथल्याच उदाहरणानं करू. एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा इथे आहे. समजा, एखाद्या आगारातून एक गाडी आली आणि सोबतच्या कागदावर एवढंच लिहिलंय, ‘ब्रेक लागत नाही.’ शेवटी काय झालं ते कळलं. पण आधी कुठला भाग बदलला, गाडी कुणाकडून कुणाकडे गेली, याचा पत्ता नाही. मग दोष कुणावर येतो? शेवटी ज्याच्या हातात होती त्याच्यावर.

प्रोग्रॅममध्येही हेच होतं. एका फंक्शननं दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि तिसऱ्यात एरर आली. बोलावण्याची ही साखळी एररसोबत छापून आली, की तिला स्टॅक ट्रेस म्हणतात. काही भाषांत ती आजही आपोआप मिळत नाही. का, ते पाहू.

केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर 6 मे 1949 रोजी पहिला प्रोग्रॅम चालला. लिहिलेला प्रोग्रॅम चुकतोच, हे तिथल्या लोकांना लगेच कळलं. स्टॅन्ली गिल यांनी 1951 मध्ये चुकांच्या निदानावरच शोधनिबंध लिहिला. तेव्हा दोन वाटा होत्या. एक, प्रोग्रॅम थांबल्यावर मेमरीत काय उरलं ते छापायचं. त्याला ते ‘पोस्टमॉर्टेम’च म्हणत. दुसरी, प्रत्येक आज्ञा चालताना तिचं अक्षर छापत जायचं. पहिलीत फक्त शेवट कळतो. दुसरीत वाट कळते, पण यंत्र फार मंदावतं. सगळ्या इतिहासाची गाठ इथेच आहे : वाट टिपायला किंमत पडते. यंत्राचा वेळ महाग होता आणि जागाही तुटपुंजी. आपल्याकडे मुंबईत टीआयएफआरमध्ये 1960 साली टिफ्रॅक सुरू झाला, त्याची मेमरी 2,048 शब्दांची. त्यात हिशेब मांडायचा की हिशेबाचा इतिहास?

उत्तर भलत्याच बाजूनं आलं. एडसॅकवर सबरुटीन संपल्यावर कुठे परतायचं, तो पत्ता सबरुटीनच्याच शेवटी लिहून ठेवत. तिनं स्वतःलाच पुन्हा बोलावलं, तर जुना पत्ता पुसला जाई. त्यावर उपाय म्हणजे स्टॅक, पंगतीतल्या ताटांची चळत म्हणा ना. जर्मनीत बाउअर आणि सामेल्सन यांनी 1957 मध्ये या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि 1960 मध्ये डायक्स्ट्रा यांनी पुनरावर्ती प्रोग्रॅमिंगसाठी ती नीट मांडली. पत्ते ठेवले होते परत जाण्यासाठी. पण मध्येच थांबून चळत वाचली, तर आपण आलो कसे तेच त्यात दिसतं. परतीची सोय हाच पुरावा झाला.

फक्त एक अडचण. फंक्शन परतलं की ताट उचललं जातं. म्हणून चूक होते त्याच क्षणी वाट टिपावी लागते. 1996 मध्ये आलेल्या जावानं हेच केलं : एक्सेप्शन तयार होतानाच वाट त्यात भरली जाते. 2002 च्या 1.4 आवृत्तीत एका एररमागे मूळ एरर जोडायची सोय आली. ‘कॉज्ड बाय’ ही ओळ तुम्ही पाहिली असेल. पायथन हीच वाट उलटी छापतं, म्हणून ती खालून वाचावी लागते.

2009 मध्ये जाहीर झालेल्या गो भाषेनं मात्र वेगळा विचार केला. फाइल नसणं, कनेक्शन तुटणं हे रोजचंच. दर वेळी वाट कशाला टिपायची? तिथे एरर हे साधं मूल्य आहे, फंक्शन ते परत देतं. पण परत देताना ताटं उचलली जातात आणि वाट हरवते. 2019 मध्ये 1.13 आवृत्तीत एररवर एरर गुंडाळायची सोय आली. मूळ प्रस्तावात जागा टिपण्याचीही सूचना होती, ती वगळली गेली. म्हणून प्रत्येक पायरीवर प्रोग्रॅमरनंच लिहायचं : ‘सेटिंग वाचताना : फाइल उघडताना : फाइल सापडली नाही.’ रस्टनं नोव्हेंबर 2022 मध्ये, 1.65 आवृत्तीत, मधला मार्ग धरला : वाट टिपायची सोय प्रमाणित लायब्ररीत आली, पण वापरणाऱ्यानं ती चालू केली तरच ती एरवी टिपते.

आता आमचीच एक गोष्ट. एका कामात लॉगमध्ये एकच ओळ यायची, ‘किंमत रिकामी आहे.’ ती ओळ होती एका नव्या मुलाच्या कोडमध्ये. दोन दिवस आम्ही त्यालाच धारेवर धरलं. नंतर ट्रेस जोडला, तर रिकामी किंमत आमच्याच जुन्या कोडमधून चार पायऱ्या पार करून आलेली. आम्ही सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली.

म्हणून एवढं लक्षात ठेवा. चूक जन्मते तिथे एकदा वाट टिपा. प्रत्येक पायरीवर नको, आणि ग्राहकाच्या पडद्यावर तर नकोच. यंत्राला थोडा भार पडेल. पण तो वाचवला, तर तो नेमका कुणाच्या तरी डोक्यावर जातो, आणि बहुतेक वेळा रांगेत शेवटी उभ्या असलेल्याच्या. जी ओळ कोसळते, चूक तिचीच असते असं नाही.

आता तुमचे प्रश्न घेऊ.