गिसेड

रोगजंतूंच्या, मुख्यतः इन्फ्लुएन्झा व कोरोना विषाणूंच्या, जनुकीय क्रमांचा आंतरराष्ट्रीय संग्रह. स्थापना २००८. येथील क्रम पाहण्यासाठी नावनोंदणी लागते. ते वापरताना नमुना घेणाऱ्या व क्रम वाचणाऱ्या प्रयोगशाळांना श्रेय देण्याची अट पाळावी लागते. जेनबँकेसारख्या खुल्या संग्रहांत अशी अट नाही.

पार्श्वभूमी : बर्ड फ्लूच्या (एच५एन१) साथीत बरेच क्रम मोजक्याच प्रयोगशाळांना उघडता येणाऱ्या संग्रहात अडकून होते. २००६ मध्ये इटलीच्या पशुविषाणुतज्ज्ञ इलारिया कापुआ यांनी आपला क्रम तेथे न देता जेनबँकेत सर्वांसाठी खुला केला. त्यानंतर थोड्याच काळात इंडोनेशियाच्या आरोग्यमंत्री सिती फादिला सुपारी यांनी जागतिक आरोग्य संघटनेकडे नमुने पाठवणे थांबवले. आमच्या रुग्णांच्या नमुन्यांवरून परदेशी कंपन्या लस करणार आणि ती आम्हालाच परवडणार नाही, ही त्यांची हरकत रास्तच होती. देणाऱ्याचा हक्क राखून देवाणघेवाण चालू ठेवण्याची गिसेडची रीत या पेचातून निघाली.

नोंदीचे स्वरूप : ‘एचकोव्ह-१९/इंडिया/एमएच-…/२०२१’ या नावात विषाणू, देश, राज्य, नमुन्याची खूण व वर्ष येते. ‘एमएच’ म्हणजे महाराष्ट्र, गाडीच्या नंबरप्लेटवर असते तेच. सोबत नमुना घेतल्याची तारीख व ठिकाण भरतात. तेवढे नसेल, तर साथ कोठून कोठे सरकली हे क्रमावरून कळत नाही; म्हणून रुग्णालयात नमुन्याच्या नळीवर नीट लेबल लावणाऱ्याचे काम क्रम वाचणाऱ्याइतकेच मोलाचे आहे.

कोविड-१९ : चिनी विषाणुतज्ज्ञ झांग योंगझेन यांच्या गटाने वाचलेला नव्या कोरोना विषाणूचा क्रम त्यांचे सहकारी एडवर्ड होम्स यांनी ११ जानेवारी २०२० रोजी एका खुल्या संकेतस्थळावर टाकला, त्याच सुमारास इतर चिनी संस्थांचे क्रम गिसेडवर आले. या क्रमांमुळे नवा विषाणू हाती नसतानाही बर्लिनच्या एका प्रयोगशाळेला आरटी-पीसीआर चाचणी बसवता आली.

भारत : डिसेंबर २०२० मध्ये कोरोना विषाणूचे क्रम वाचणाऱ्या १० प्रयोगशाळांचा ‘इन्साकॉग’ हा गट स्थापन झाला. त्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था (एनआयव्ही) व राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र (एनसीसीएस) या संस्था होत्या. बाधित नमुन्यांपैकी ५% नमुन्यांचे क्रम वाचायचे ठरले. प्रत्यक्षात प्रमाण बरेच कमी राहिले. मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्रातील नमुन्यांत ई४८४क्यू व एल४५२आर ही उत्परिवर्तने एकत्र वाढताना दिसली. हा बी.१.६१७ वंश, त्याच्या एका शाखेला पुढे ‘डेल्टा’ नाव मिळाले.

आक्षेप : गिसेडचा कारभार पुरेसा पारदर्शक नाही, अशी टीका होते.

देणाऱ्याच्या हक्काचा प्रश्न पुढेही राहिला : मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने महासाथ करार स्वीकारला. रोगजंतू व त्यांचे क्रम देणाऱ्या देशांना लस-औषधांत वाटा कसा मिळावा, हा भाग मात्र वेगळ्या परिशिष्टासाठी मागे ठेवला.