गंधक, शेगडी आणि रबर

कुकरची रिंग कडक का होते, आणि डब्यात पडून राहिलेला रबरबँड चिकट होऊन तुटतो का, असं गटाच्या बैठकीत विचारलं गेलं. उत्तरासाठी जवळजवळ दोनशे वर्षं मागे जाऊ.

रबर म्हणजे झाडाचा चीक. मेक्सिकोकडचे मूळ रहिवासी साडेतीन हजार वर्षांपूर्वीही त्याचे चेंडू करत. चीक टिकावा म्हणून आपल्या गारवेलीच्या कुळातल्या एका वेलीचा रस त्यात घालत. पण ही युक्ती युरोप-अमेरिकेच्या कारखानदारांना ठाऊक नव्हती. अमेरिकेत १८३३ च्या सुमारास रबराचे बूट, कोट, टोप्या यांचा नुसता सपाटा सुरू झाला. हिवाळ्यात माल दगडासारखा कडक झाला, उन्हाळ्यात गुळासारखा पाघळला आणि त्याला घाण वास सुटला. लोकांनी तो परत आणून दिला आणि कंपन्या बुडाल्या.

चार्ल्स गुडइयर या कर्जबाजारी माणसाने तेव्हाच रबराचा नाद घेतला. कर्जापायी तो तुरुंगात गेला, तिथेही रबरच मळत बसला. घरात भांडी, लाटणं, चूल सगळं याच कामाला. त्याची बायको क्लॅरिसा हिने लेकरांना कशावर जगवलं असेल, हे पुस्तकांत दोन ओळींत आटोपतात. घरातल्या वस्तू गहाण पडल्या. बारा मुलांपैकी सहा लहानपणीच गेली. शोध एकट्या माणसाचा म्हणतात, मला तरी तो दोघांचा वाटतो.

१८३७ मध्ये त्याला सरकारी टपालाच्या दीडशे पिशव्यांची ऑर्डर मिळाली. त्याने रबराला आम्ल लावलं. वरून पिशव्या छान दिसल्या, पण उष्ण खोलीत टांगल्यावर वितळून खाली आल्या. आम्लाचा परिणाम फक्त वरच्या सालीवर झाला होता, आतला चीक कच्चाच राहिला होता.

मग १८३९ मध्ये वोबर्न गावी गंधक मिसळलेल्या रबराचा तुकडा तापलेल्या शेगडीला लागला. तो वितळला नाही, चामड्यासारखा करपला, आणि करपलेल्या भागाच्या कडेला लवचीक, पक्कं रबर तयार झालं. द्राक्षावर भुरीसाठी मारतो तेच हे गंधक. किती उष्णता, किती वेळ, हे ठरवायला आणखी काही वर्षं गेली. पेटंट १८४४ मध्ये मिळालं. इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकने त्याआधीच तिथलं पेटंट मागून ठेवलं होतं. १८६० मध्ये गुडइयर वारला तेव्हा डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरचं कर्ज होतं. त्याच्या नावाची टायर कंपनी १८९८ ची, तिच्याशी त्याच्या घराण्याचा संबंध नाही.

गंधक नेमकं काय करतं? रबर म्हणजे लांबच लांब धाग्यांचा गुंता, लोकरीच्या गुंडीसारखा. कच्च्या रबरात हे धागे सुटे असतात, म्हणून ऊन लागलं की एकमेकांवरून घसरतात. गंधक त्यांना अधूनमधून गाठी मारतं. मग ओढलं तरी रबर पुन्हा जागेवर येतं.

पण गाठी मारल्या म्हणून धागे अमर होत नाहीत. हवेतला प्राणवायू, ऊन आणि उष्णता ते तोडत राहतात. धागे तुटत गेले की रबर चिकट होतं, नको तितक्या नव्या गाठी पडल्या की कडक होऊन तडकतं. म्हणून कारखान्यात रबरात हवेचा मारा आधी झेलणारी द्रव्यं घालतात. टायरमध्ये काजळीही असते. ती रबराला बळ देते आणि ऊन स्वतः पिऊन घेते. प्लास्टिकच्या ठिबक नळीलाही ही युक्ती लागते. साधारण २ ते ३ टक्के काजळी नीट मिसळलेली नळी शेतात वर्षानुवर्षं टिकते, काजळी नसलेली साधी पांढुरकी नळी उन्हात लवकर ठिसूळ होते.

रिंग धुतल्यावर पुसून सावलीत ठेवा, चुलीजवळच्या खुंटीला नको आणि कुकरच्या झाकणात दाबूनही नको. दर महिन्याला ती थोडी ताणून बघा. बारीक भेगा दिसल्या की नवी आणा, तिला शिवून-जोडून वापरू नका. वाफ धरून ठेवणारी ती एकच कड आहे.