आभाळ सर्वांचे, दुर्बीण कोणाची?

आपले वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी, एवढे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु ह्या गावाचे नाव ज्योतिषाच्या ग्रंथातही आहे. सातव्या शतकातील पहिल्या भास्कराने 'महाभास्करीय' ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंतची मध्यरेषा सांगितली. तीवरील स्थळांत त्याने अवंतीबरोबर वत्सगुल्मही गणले आहे. आज मोजले असता वाशीम उज्जैनच्या पूर्वेस सव्वा अंशाहून थोडे अधिक भरते. म्हणजे आपला मध्यान्ह तेथल्यापेक्षा सुमारे साडेपाच मिनिटे आधी होतो. हा फरक पाठांतराने कळला नाही, मोजमापाने कळला. मोजमापाला साधने लागतात. ती कोणाच्या हाती असावीत, हा खरा प्रश्न आहे.

पुण्याचे उदाहरण घ्या. १८८२ साली भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांनी पाच हजार रुपये दिले, मुंबई सरकारने तितकीच भर घातली आणि १८८८ साली तेथील सायन्स कॉलेजात वेधशाळा उभी राहिली. प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला हे तिचे प्राण होते. १८९८ सालच्या २२ जानेवारीचे खग्रास सूर्यग्रहण त्यांनी जेऊर येथे वेधले. १९१२ साली ते निवृत्त झाले आणि वेधशाळाही बंद झाली. दुर्बिणी कोडाईकनालला गेल्या. विद्वत्तेची उणीव नव्हती, माणूसही कर्तबगार होता. पण एका माणसाच्या खांद्यावरची संस्था त्याच्या पेन्शनीबरोबर संपते. युनियनच्या कामात हा धडा आम्हांला रोज मिळतो.

त्याच पुण्यात २२ ऑगस्ट १९४४ रोजी हौशी मंडळींनी ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन केली. टिळक स्मारक मंदिरात तिने सामान्य माणसाच्या डोळ्याला दुर्बीण लावली. संस्थापक गेले, संस्था राहिली. मुंबईकडे हॅलेच्या धूमकेतूच्या निमित्ताने १९८५ च्या सुमारास खगोल मंडळ निघाले. ते लोकांना वांगणीच्या माळावर रात्रभर तारे दाखवू लागले. १९८८ साली पुणे विद्यापीठाच्या आवारात स्थापन झालेली 'आयुका' विज्ञानदिनी नागरिकांसाठी दारे उघडते.

मग वत्सगुल्माने मागे का राहावे? आपल्या कॉलेजातील विद्यार्थ्यांनी मंडळ काढावे, गावाने वर्गणी द्यावी. दुर्बीण कपाटात नको, आणि तिची किल्ली एकट्याकडे नको. मार्केटातल्या हमालाने पोते उतरवून शनीचे कडे पाहिले, की ते मंडळ गावाचे झाले असे समजावे.