काळ्या काचेपलीकडचा शेजारी

२६ ऑगस्ट १९२८. स्कॉटलंडमधल्या पेझली गावच्या कॅफेत मे डॉनह्यू जिंजर बिअर प्यायली. बाटली गडद काचेची, आतलं दिसत नव्हतं. उरलेली ओतली तेव्हा कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, असं तिचं म्हणणं.

‘ग्राहका, सावध!’ हे जुनं सूत्र इथं लंगडं पडतं: सावध राहणार तरी कसं? दुकानदारावर दावा करायचा, तर बाटलीचे पैसे दिले होते सोबतच्या व्यक्तीनं. करार तिचा, दुखणं डॉनह्यूचं. मग पदरी पाच पौंडही नसलेल्या या बाईनं थेट उत्पादकावर दावा लावला.

१९३२ साली हाऊस ऑफ लॉर्ड्‌सनं तीन विरुद्ध दोन मतांनी तो ग्राह्य धरला. आपल्या हलगर्जीपणाची झळ ज्याला पोचेल हे आधीच ओळखता येतं, तो कायद्यानं आपला शेजारी, असं लॉर्ड ॲटकिन म्हणाले. बायबलमधला ‘शेजारी’ त्यांनी कोर्टात आणला. मराठीत तो आणताना ‘शेजारधर्म’ हा शब्द हाताशी येतो; पण तो पाळणं ऐच्छिक, हे कर्तव्य सक्तीचं.

भारतात २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं काही परिस्थितींत विक्रेत्यालाही सदोष मालाबद्दल जबाबदार धरलं.

गोगलगाय मात्र कधीच सिद्ध झाली नाही. उत्पादक वारला, प्रकरण तडजोडीनं मिटलं.