शर्यतीतून रस्त्यावर

नभोवाणीवरून एका मोटारसायकलीचा इतिहास सांगावा हे श्रोत्यांना काहीसे विचित्र वाटेल. परंतु या इतिहासाचा आरंभच मुळी रेडिओपासून होतो. इटलीतील बोलोन्या हे मार्कोनीचे जन्मगाव. त्याच नगरीत १९२६ साली दुकाती बंधूंनी कारखाना काढला तो रेडिओला लागणारे कंडेन्सर बनविण्यासाठी. १९४४ मध्ये बॉम्बवर्षावाने तो उद्ध्वस्त झाला. युद्धोत्तर इटलीची पहिली निकड वाहनाची होती, म्हणून सायकलीला जोडावयाचे एक चिमुकले इंजिन तेथे तयार होऊ लागले. त्याचे नाव 'कुच्चोलो', म्हणजे कुत्र्याचे पिल्लू!

१९५४ साली फाबिओ तालिओनी हा अभियंता या कारखान्यात आला. इंजिनाची झडप उघडली जाते यंत्राच्या रेट्याने, पण सामान्यतः मिटते ती स्प्रिंगच्या जोरावर. वेग फार वाढला की स्प्रिंगची तारांबळ उडते. झडप वेळेवर मिटत नाही आणि प्रसंगी खालून येणाऱ्या दट्ट्यावर आदळते. तालिओनीने झडप मिटविण्याचे कामही यंत्राकडेच सोपविले. ही कल्पना त्याची एकट्याची नव्हे. मर्सिडीझने १९५४ च्या शर्यतीच्या मोटारीत ती वापरली होती. तिच्यावरची निष्ठा मात्र त्याची. १९५६ मध्ये स्वीडनच्या शर्यतीत त्याची १२५ सी.सी.ची गाडी पहिल्याच प्रयत्नात जिंकली.

पुढे १९७२ च्या एप्रिलमध्ये इमोला येथे २०० मैलांची शर्यत ठरली. ७५० सी.सी.च्या, रस्त्यावरील गाड्यांवरून सिद्ध केलेल्या यंत्रांसाठी ती होती. एम. व्ही. अगुस्ताचा विश्वविजेता आगोस्तिनी तेथे असताना दुकातीकडे फारसे कोणाचे लक्ष असण्याचे कारण नव्हते. पॉल स्मार्ट हा इंग्रज स्वार त्या वेळी अमेरिकेत होता. निमंत्रणाला होकार दिला तो परस्पर त्याच्या पत्नीने. (संसारातील पुष्कळसे शहाणे निर्णय असेच होत असावेत.) आगोस्तिनीच्या गाडीने मध्येच दगा दिला. स्मार्ट आणि त्याचाच सहकारी ब्रूनो स्पाज्जारी यांच्यात अखेरपर्यंत चुरस चालली. शेवटी स्पाज्जारीचे पेट्रोल संपत आले आणि स्मार्ट पहिला, स्पाज्जारी दुसरा असा निकाल लागला.

त्या विजयातून १९७४ ची '७५० सुपर स्पोर्ट' जन्मली. एक सिलिंडर जवळजवळ आडवा, दुसरा उभा, दोहोंमध्ये काटकोन, आणि दोहोंच्या झडपा तालिओनीच्या पद्धतीने उघडणाऱ्या व मिटणाऱ्या. शर्यतीत नाव झाल्यावर नुसता रंग आणि बोधचिन्ह बदलून गाडी विकणारे कारखानदार काही थोडे नाहीत. येथे मात्र शर्यतीचे मर्मच गिऱ्हाइकाच्या हाती दिले गेले. सांगाड्याला निळसर हिरवा रंग होता. चालू करण्यासाठी लाथच मारावी लागे, विजेचा स्टार्टर नव्हता. कार्ब्युरेटरची तोंडे गाळणीवाचून उघडी असत. धुळीच्या रस्त्यावर मालकाचा जीव किती खालीवर होत असेल! अशा गाड्या निघाल्या अवघ्या सुमारे ४००.

शर्यतीच्या गाडीची आणखी एक खूण तिच्यावर राहिली होती. टाकीच्या अंगाला एक उभी पारदर्शक पट्टी होती. आत पेट्रोल किती उरले आहे, हे त्या पट्टीतून बसल्या जागी दिसे.