आंबोली घाट, पास्कल आणि ब्रेकचा बूस्टर

सावंतवाडीहून बेळगावकडे निघालेला रस्ता दाणोली मागे टाकतो आणि सह्याद्रीला भिडतो. वेंगुर्ला बंदर आणि बेळगावची लष्करी छावणी यांना जोडण्यासाठी हा रस्ता एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारपोली घाटातून वर नेण्यात आला. सावंतवाडी संस्थानातील ब्रिटिश पोलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप यांनी घाटमाथ्यावरचे आंबोली थंड हवेचे ठिकाण म्हणून पुढे आणले. १८८० च्या दशकाअखेर मार्मगोव्याची रेल्वे घाटावर पोहोचली, वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला, पण रस्ता वाहता राहिला. आंबोलीची उंची सुमारे ६९० मीटर आहे आणि पाऊस वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या आसपास पडतो. हे दोन्ही आकडे आपल्याला पुढे लागणार आहेत.

रस्त्यांच्या इतिहासात घाट चढण्याचे कौतुक फार असते. घाट उतरण्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. वास्तविक अवघड काम तेच आहे. चढताना इंजिन दमले तर गाडी थांबते. उतरताना ब्रेक दमले तर गाडी थांबत नाही.

थोडे गणित करू. दहा टन वजनाची भरलेली बस घाटात ५०० मीटर खाली येते असे धरले, तर तिची स्थितिज ऊर्जा सुमारे ४ कोटी ९० लाख जूलने घटते. बस तळाशी पोहोचते तेव्हा तिचा वेग माथ्यावर होता तेवढाच असेल, तर ही सगळी ऊर्जा वाटेत कुठेतरी उष्णतेच्या रूपाने टाकून द्यावी लागली हे उघड आहे. एवढ्या उष्णतेत ३० अंश सेल्सिअसचे सुमारे १६५ लिटर पाणी उकळीला येईल. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी हीच बस एकदा थांबवताना सहा लाख जूलच्या आसपास उष्णता निघते. म्हणजे एकदा घाट उतरणे हे सुमारे ऐंशी वेळा बस थांबवण्यासारखे आहे, आणि तेही मध्ये गार व्हायला वेळ न देता. उतरायला वीस मिनिटे लागली, तर एक किलोवॉटच्या चाळीस शेगड्या तेवढा वेळ पेटत्या ठेवल्यासारखे होईल. यातील काही उष्णता हवेच्या विरोधात आणि टायरच्या घर्षणात जाते. खालच्या गिअरमध्ये इंजिनही बराच वाटा उचलते. उरलेली सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये येते.

बैलगाडीच्या काळात हा भार बैलांच्या मानेवर आणि चाकाच्या लोखंडी धावेवर दाबलेल्या लाकडावर पडत असे. वेग कमी असल्याने उष्णता सावकाश निघे आणि हवेत विरून जाई. मोटार आल्यावर वेग वाढला, वजन वाढले आणि दोन निरनिराळे प्रश्न उभे राहिले. माणसाच्या पायाचा जोर चाकापर्यंत वाढवून कसा न्यायचा, हा पहिला. निर्माण झालेली उष्णता कुठे घालवायची, हा दुसरा. ब्रेकच्या इतिहासातील बहुतेक शोध पहिल्या प्रश्नाचे आहेत. जुन्या गाडीला नवा बूस्टर बसवणारी मंडळी ज्या घोटाळ्यात सापडतात, तो बहुधा हे दोन प्रश्न एकच मानल्यामुळे होतो, असे आमचे मत आहे.

सुरुवातीच्या मोटारींना दांडे आणि तारा यांनी ओढले जाणारे ब्रेक असत. चारही दांडे सारखे ताणलेले राहणे कठीण. एक चाक आधी धरले की गाडी त्या बाजूला ओढली जाई. घाटातल्या वळणावर याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. अमेरिकेतील माल्कम लॉकहीड याने १९१७ मध्ये दांड्यांऐवजी द्रव वापरणाऱ्या ब्रेकचे पेटंट घेतले. विमानांमुळे प्रसिद्ध झालेले नाव ते हेच. विमाने बनवणारा ॲलन हा त्याचा भाऊ. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग मोटारीला चारही चाकांवर असे ब्रेक आले. सुरुवातीला गळती फार होती. १९२४ च्या क्रायस्लर गाडीत रबरी वाट्या आल्या आणि ही पद्धत भरवशाची झाली.

यामागचे तत्त्व मात्र पावणेतीनशे वर्षे जुने होते. बंदिस्त द्रवावर कुठेही दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम. त्याचा ग्रंथ १६६३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. याच नियमावर जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये दाबयंत्राचे पेटंट घेतले. ब्रेकच्या बाबतीत नियमाचे सौंदर्य असे, की दाब समान ठेवण्यासाठी कोणाला काही ताणावे लागत नाही. चारही चाकांना तो आपोआप समान मिळतो.

पण पायाचा जोर पायाचाच राहिला. गाड्या जड झाल्या तेव्हा तोही अपुरा पडू लागला. बेल्जियमचा अभियंता आल्बेर देवान्द्र याने १९२७ मध्ये पुढे आणलेली युक्ती अशी: पेट्रोल इंजिन हवा आत ओढते तेव्हा त्याच्या नळीत अंशतः निर्वात तयार होतो. एका डब्यात लवचिक पडदा बसवून त्याच्या एका बाजूला हा निर्वात जोडायचा. पाय दाबला की दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा येते आणि वातावरणाचा दाब पडद्याला, पर्यायाने ब्रेकच्या दट्ट्याला पुढे ढकलतो. वीस सेंटिमीटर व्यासाच्या पडद्याचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर. दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक वातावरणाच्या दोन तृतीयांश धरला, तरी दोनशे किलोपेक्षा जास्त जोर मिळतो. हाच निर्वात बूस्टर.

येथे पुन्हा पास्कल भेटतो. १६४८ मध्ये त्याच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधील प्वी द दोम या डोंगरावर चढला आणि वर पारा सुमारे आठ सेंटिमीटरने खाली आलेला त्याने पाहिला. हवेला वजन असते, हे त्यातून पटले. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून आंबोलीला नळी नेली तर पारा सुमारे सहा सेंटिमीटरने उतरेल. बूस्टरच्या डब्याच्या पुढच्या बाजूला पास्कलचा द्रवांचा नियम काम करतो आणि मागच्या बाजूला त्याचा डोंगरावरचा प्रयोग.

आता आपल्या रस्त्यांकडे वळू. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर ही पहिली एसटी धावली. ती बेडफर्ड बनावटीची होती. याच सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली. घाटमाथ्याच्या वाड्यांपर्यंत पोहोचणारे वाहन म्हणून जीपने कोकणात दीर्घकाळ राज्य केले. या जीपला द्रवाचे ब्रेक होते, पण ड्रम फक्त नऊ इंचांचे, बूस्टर नाही, आणि चारही चाकांना मिळून एकच मास्टर सिलिंडर, एकच मार्ग. कुठेही एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. अमेरिकेत दोन स्वतंत्र मार्ग १९६० च्या दशकाअखेर सक्तीचे झाले.

पेट्रोल महागल्यावर अनेक मालकांनी जुन्या जीपमध्ये डिझेल इंजिन बसवले. नंतर ब्रेक कमी पडतात म्हणून दुसऱ्या गाडीचा बूस्टर आणला. पहिला घोटाळा येथेच होतो. डिझेल इंजिनात हवा रोखणारी झडप नसते, त्यामुळे नळीत उपयोगी निर्वात तयारच होत नाही. बूस्टर बसला, पाइप जोडला, पण पेडल पूर्वीपेक्षा कठीण! त्यासाठी निर्वात पंप लागतो. अनेक डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागे जोडलेला असतो. पंप असूनही साधा मऊ रबरी पाइप वापरला तर तो आतल्या निर्वाताने चपटा होतो आणि वाट बंद पडते. जाड, आतून बळकट पाइप आणि एकाच दिशेने हवा जाऊ देणारी झडप या दोन्ही गोष्टी लागतात.

बूस्टर जिवंत आहे की नाही, याची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, म्हणजे साठलेला निर्वात संपतो. मग पाय दाबून धरावा आणि इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करतो. जागचे हलले नाही तर दोष निर्वाताच्या बाजूला आहे. पेडल स्पंजासारखे लागते आणि दोन-तीनदा दाबल्यावर कडक होते, तर मात्र बूस्टरचा दोष नसतो; द्रवात हवा शिरलेली असते. गॅरेजच्या भाषेत ‘एअर काढायला’ हवी.

दुसरा घोटाळा जास्त सूक्ष्म आहे. मूळ जीपमध्ये पेडलची तरफ पायाचा जोर सहापट करते आणि मास्टर सिलिंडरचे क्षेत्रफळ ५ चौरस सेंटिमीटर आहे असे धरू. ४० किलो जोराने दाबल्यास दट्ट्यावर २४० किलो आणि द्रवात चौरस सेंटिमीटरला ४८ किलो दाब मिळतो. बूस्टर बसवताना बहुधा बूस्टरच्या गाडीचे पेडल आणि सिलिंडरही येतात. तरफ चारपट, सिलिंडर साडेसहा चौरस सेंटिमीटरचा. बूस्टरचे २१० किलो मिळाले तर दाब ५७ होतो, म्हणजे सुधारणा माफकच. बूस्टर बंद पडला तर तोच दाब २५ वर येतो, मूळ जीपच्या साधारण निम्म्यावर. बूस्टर मेलेली सुधारित गाडी ही न सुधारलेल्या गाडीपेक्षा वाईट असते. डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून, गाडी न्यूट्रलमध्ये घाट उतरवणारे चालक नेमकी हीच अवस्था स्वतः ओढवून घेतात. दोन-तीनदा ब्रेक दाबला की साठलेला निर्वात संपतो, आणि इंजिनने उचलायचा उष्णतेचा वाटाही ड्रमवर येऊन पडतो.

जॉर्ज वेस्टिंगहाउसने रेल्वेच्या हवेच्या ब्रेकमध्ये १८७२ च्या सुमारास याच्या उलट विचार केला होता. त्याच्या योजनेत हवेचा दाब ब्रेक सोडून धरण्यासाठी असतो. नळी तुटली की ब्रेक आपोआप लागतात. आजच्या जड बस-ट्रकच्या हँडब्रेकमध्ये हाच विचार आहे: दाब गेला की स्प्रिंग चाके धरते. छोट्या गाडीच्या बूस्टरला हे शहाणपण नाही.

निर्वाताऐवजी स्टिअरिंगच्या तेलपंपाचा दाब वापरणारा बूस्टर १९७० च्या दशकात अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने आणला. डिझेल गाडीला तो सोयीचा, कारण त्याला निर्वात लागत नाही. पंप बंद पडला तर संचयकात साठलेल्या दाबावर एक-दोनदा ब्रेक लागतो. पण त्याची स्वतःची दुखणी आहेत. त्याच्या परतीच्या तेलाला टाकीकडे मोकळी वाट हवी. ती स्टिअरिंगच्या परतीच्या नळीलाच जोडून टाकली, तर तिथला उलटा दाब ब्रेक थोडासा लावून ठेवू शकतो. त्याहून वाईट म्हणजे स्टिअरिंगचे खनिज तेल ब्रेकच्या टाकीत ओतणे. ब्रेकच्या रबरी वाट्या त्या तेलात फुगतात आणि मग सगळे किट बदलल्याशिवाय सुटका नसते.

बूस्टर कोणत्याही जातीचा असो, त्याचा पुढे येणारा दांडा मिलीमीटरभर लांब राहिला, तर मास्टर सिलिंडरमधले परतीचे बारीक छिद्र झाकले जाते. पाय काढल्यावरही दाब पूर्ण उतरत नाही. लायनर ड्रमला घासत राहतात, ड्रम तापतो, द्रव प्रसरण पावतो, दाब आणखी वाढतो. सपाटीवर चार किलोमीटर चालवून पाहणाऱ्या मिस्त्रीला हे कळतच नाही. घाटात कळते.

आणि इथे उष्णतेचा प्रश्न परत येतो. बूस्टरने पायाचे श्रम वाचवले, ड्रम मात्र तोच नऊ इंचांचा राहिला. तापलेला ड्रम बाहेरच्या बाजूला फुगतो आणि लायनरपासून दूर जातो. लायनरमधील बांधणारा पदार्थ वायू सोडतो आणि घर्षण घटते. यापेक्षा घातक गोष्ट द्रवात घडते. नेहमीचे ब्रेक ऑइल हे खनिज तेल नाहीच. ते ग्लायकॉल वर्गातील रसायन आहे आणि ते हवेतील बाष्प शोषते. डॉट ३ दर्जाच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की निदान १४० अंशांची हमी उरते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. सात हजार मिलीमीटर पावसाच्या प्रदेशात, झाकण सैल असलेल्या टाकीत, वर्षानुवर्षे न बदललेला द्रव काय दर्जाचा राहत असेल याचा विचार करावा. घाटात चाकाजवळचा द्रव उकळला की नळीत वाफ होते. द्रव दबत नाही, वाफ दबते. पेडल तळाला टेकते आणि चाकापर्यंत काहीच पोहोचत नाही. थोडा वेळ गाडी उभी राहिली की वाफेचा पुन्हा द्रव होतो, ब्रेक पूर्ववत लागतात, आणि तपासणाऱ्याला काही दोष सापडत नाही! पावसाळ्यात आंबोलीचा धबधबा पाहायला सहल काढणाऱ्या शाळांनी गाडी ठरवताना बूस्टर आहे का, याच्या जोडीने ब्रेक ऑइल कधी बदलले हेही विचारावे.

हे वर्गात दाखवणे अवघड नाही. एक मोठी आणि एक लहान सिरिंज पाण्याने भरून बारीक नळीने जोडावी. लहानीचा दट्ट्या एका विद्यार्थ्याने आणि मोठीचा दुसऱ्याने दाबावा. लहानीवाला सहज जिंकतो. मग नळीत मुद्दाम हवेचा मोठा बुडबुडा सोडावा आणि पुन्हा दाबून पाहावे. बूस्टरसाठी २० मिलीलिटरची रिकामी सिरिंज घ्यावी, दट्ट्या आत टेकवून तोंड घट्ट बंद करावे, सिरिंज उलटी टांगून दट्ट्याला वजने अडकवत जावे. आतला व्यास दोन सेंटिमीटर असेल तर तीन किलोच्या आसपास वजन वातावरण पेलते. वेंगुर्ल्याच्या आणि आंबोलीच्या शाळांनी एकाच सिरिंजवर हा प्रयोग केला, तर दोन्हीकडच्या वजनांत सुमारे पाव किलोचा फरक यायला हवा. दट्ट्याच्या घर्षणात तो लपून जातो की दिसतो, हे करून पाहण्यासारखे आहे.