खेळभार आणि बास्केटबॉलपटूंची उतरण

व्यावसायिक बास्केटबॉलपटू मैदानावर जितकी अधिक मिनिटे खेळतो, तितकी त्याची कामगिरी लवकर खालावते का, हा क्रीडावैद्यकातील चर्चेचा विषय आहे. अमेरिकेच्या एनबीए स्पर्धेत नियमित हंगामात प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. सामना ४८ मिनिटांचा असतो. सततच्या उड्या व अचानक दिशाबदल यांमुळे गुडघे, घोटे व स्नायुबंधांवर ताण साचतो. एनबीए खेळाडू कोबी ब्रायंटचा टाचेचा स्नायुबंध (अकिलीस टेंडन) २०१३ मध्ये, प्रदीर्घ मिनिटे खेळण्याच्या काळातच तुटला.

याउलट विल्ट चेंबरलेनने १९६१-६२ च्या हंगामात सामन्यामागे सरासरी ४८.५ मिनिटे (जादा वेळेसह) खेळूनही १९७२-७३ या अखेरच्या हंगामात रिबाउंडमध्ये अग्रस्थान राखले. करीम अब्दुल-जब्बार ५७,००० हून अधिक मिनिटे खेळून वयाच्या ४२ व्या वर्षी निवृत्त झाला. मात्र अशी उदाहरणे निर्णायक नाहीत. सुदृढ व कुशल खेळाडूंनाच जास्त मिनिटे मिळतात. शिवाय वय आणि साचलेली मिनिटे सोबतच वाढत असल्याने दोहोंचा परिणाम वेगळा काढणे कठीण असते.

हा ताण टाळण्यासाठी खेळाडूंना काही सामन्यांतून विश्रांती देण्याची पद्धत रूढ झाल्यावर एनबीएने २०२३-२४ पासून प्रमुख वैयक्तिक पुरस्कारांसाठी साधारणतः किमान ६५ सामन्यांची अट घातली. मिनिटांच्या बेरजेपेक्षा वय, पूर्वीच्या दुखापती व सामन्यांमधील विश्रांती यांचा एकत्रित विचार खेळाडूच्या हिताचा ठरतो.